कॅज्युअल्टीत सिस्टरांची ड्युटी कशी लावावी

ड्युटी खाटा मोजून लावू नका, रुग्ण किती गंभीर आहेत ते बघून लावा. ग्रीनमधले, म्हणजे किरकोळ त्रासाचे, बरेच रुग्ण एकटी सिस्टर सांभाळते. व्हेंटिलेटरवरच्या रेड, म्हणजे अतिगंभीर, रुग्णाला मात्र एक सिस्टर पूर्णवेळ लागते.

ट्राएजला, म्हणजे आलेला रुग्ण किती गंभीर आहे ते ठरवतात तिथे, अनुभवी सिस्टरच बसवा आणि तिला इंजेक्शनं, केसपेपर यांत गुंतवू नका. ती जागेवरून उठली की छातीत दुखणारा रुग्ण रांगेतच राहतो आणि पहिल्या 10 मिनिटांत व्हायला हवा तो ईसीजी लांबतो.

ड्युटी बदलताना हँडओव्हर टेबलावर नको, खाटेशेजारी: चालू सलाईन, दिलेली औषधं वेळेसकट, यायचे रिपोर्ट. त्याच वेळी क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधं-साहित्याची ट्रॉली) उघडा, लॅरिंगोस्कोपचा (श्वासनलिकेत नळी घालताना लागणाऱ्या उपकरणाचा) दिवा लावून बघा. ऑक्सिजन सिलिंडरची किल्ली साखळीनं बांधा. हरवते ती नेमकी तीच.

वॉर्डात खाट मिळेपर्यंत अडकलेले रुग्ण वेगळ्या सिस्टरकडे द्या. नाहीतर नव्या रुग्णाच्या गडबडीत त्यांचे अँटिबायोटिकचे डोस चुकतात.