छोट्या नाइटचं चिलखत रंगवायचंय? असं करा
१४१५ च्या अझेंकूरच्या इंग्रज-फ्रेंच लढाईतले फ्रेंच नाइट, म्हणजे चिलखती सरदार, त्यांचे २८ एमएमवाले छोटे पुतळे (फिगर) रंगवायला घेतले असतील तर आधी एक लक्षात घ्या, तेव्हाचं पत्र्याचं चिलखत बरेचदा उघडंच, घासूनपुसून चकचकीत केलेलं असायचं, त्यामुळे गंजबिंज फार दाखवत बसू नका. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, काळा मारा. मग गनमेटलचे, म्हणजे गडद धातूसारख्या रंगाचे, दोन पातळ हात, पहिला पूर्ण सुकल्यावरच दुसरा. त्यावर काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग, पण सगळीकडे फासू नका हां, सांधे, रिव्हेट, गुडघ्याच्या वाटीची कड एवढ्यातच सोडा, मी पहिल्यांदा अख्खी फिगर बुचकळली होती आणि सरदारसाहेब कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे दिसत होते. सुकलं की जिथे उजेड पडेल तिथे, म्हणजे शिरस्त्राणाचा माथा, खांदे, छातीचा फुगवटा, बारीक ब्रशने सिल्व्हर. मानेभोवतीच्या कड्यांच्या जाळीला मात्र ड्रायब्रशच बेस्ट, म्हणजे रंगात बुडवलेला ब्रश टिश्यूवर जवळजवळ कोरडा करायचा नि हलकेच फिरवायचा, कड्या आपोआप उठून दिसतात. आणि मेटॅलिकच्या ब्रशचं पाणी वेगळं ठेवा, नाहीतर ती चमकी पुढच्या फिगरच्या तोंडावर जाऊन बसते.