शहर गॅस वितरण कंपनीच्या हिशेबात नैसर्गिक वायूचे वायदे कसे नोंदवावेत

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना पाइपमधून गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या लेखा विभागात काम करणाऱ्यांसाठी, तसेच अशा कंपनीचे लेखापरीक्षण करणाऱ्या नाशिकच्या तरुण सीएंसाठी हे मार्गदर्शन आहे. या विषयावर वाचायला मिळणारे बरेचसे साहित्य अमेरिकी गॅस कंपन्यांना समोर ठेवून लिहिलेले असते आणि ते जसेच्या तसे उचलले, तर इथला ताळेबंद चुकतो. म्हणून आधी तो फरक समजून घ्यावा.

अमेरिकेत स्थानिक गॅस कंपनी गॅसची खरेदी किंमत राज्य नियामकाने मान्य केलेल्या सूत्रानुसार ग्राहकाच्या बिलातून वसूल करते, त्यामुळे वायद्यात (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्यात) झालेला तोटाही पुढे बिलातून भरून येणार हे बहुतेक ठरलेलेच असते. तेथील एएससी ८१५ या लेखामानकाप्रमाणे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दुसऱ्या मालाच्या भावावरून ज्याची किंमत ठरते असा वायद्यासारखा करार, वाजवी मूल्याने, म्हणजे त्या दिवशीच्या बाजारभावाने, ताळेबंदात येतो आणि त्यासाठी फेर्क या संघीय ऊर्जा नियामकाच्या खातेयादीत १७५, १७६, २४४ व २४५ ही खाती आहेत. मूल्यातील चढउतार मात्र नफा-तोट्यात न जाता दरनियंत्रित कंपन्यांसाठीच्या एएससी ९८० च्या आधारे १८२.३ किंवा २५४ या नियामक मत्ता-दायित्वाच्या (पुढे बिलातून वसूल किंवा परत करायच्या रकमांच्या) खात्यांत थांबतो. आपल्याकडे ही सोय नाही. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ गॅस या वितरण कंपनीच्या प्रकरणात १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, नेटवर्क शुल्क किंवा सीएनजीचे कॉम्प्रेशन शुल्क ठरवण्याचा अधिकार पीएनजीआरबीला, म्हणजे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाला, नाही. विक्रीचा दर कंपनी स्वतः ठरवते, आणि जो दर नियामक ठरवत नाही त्याच्या भरवशावर नियामक मत्ता उभी करता येत नाही. तेव्हा वायद्याचा फरक एक तर नफा-तोट्यात जातो किंवा हेज (भावाची जोखीम झाकणारा सौदा) नोंदवण्याच्या खास पद्धतीच्या, म्हणजे हेज लेखांकनाच्या, अटी पूर्ण करून इतर सर्वसमावेशक उत्पन्नात, म्हणजे ओसीआयमध्ये, थांबतो. तिसरी वाट नाही.

सूचीबद्ध कंपन्यांना आणि ज्यांची निव्वळ संपत्ती २५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे त्यांना इंड एएस १०९ हे वित्तीय साधनांचे भारतीय लेखामानक लागू होते; बाकीच्यांनी डेरिव्हेटिव्ह करारांविषयीची आयसीएआय या सीएंच्या संस्थेची मार्गदर्शक टिप्पणी पाहावी. पुढील विवेचन इंड एएस १०९ धरून केले आहे.

कामाची सुरुवात करारांच्या वर्गवारीपासून करावी. खरेदी विभागाकडून गॅसचा प्रत्येक करार मागवून घ्यावा आणि तो गॅस प्रत्यक्ष घेऊन आपल्याच ग्राहकांना पुरवण्यासाठी केला आहे का, एवढाच प्रश्न प्रथम विचारावा. उत्तर होकारार्थी असेल, तर तो स्ववापराच्या सवलतीत बसतो आणि गॅस मिळेपर्यंत त्याची कोणतीही डेरिव्हेटिव्ह नोंद होत नाही. इंडियन गॅस एक्स्चेंजवरचे सौदे प्रत्यक्ष गॅसचे असल्याने वितरण कंपनीच्या बाबतीत ते सहसा याच गटात पडतात. खरा धोका ‘घ्या किंवा पैसे भरा’ अशा अटीच्या दीर्घ मुदतीच्या करारात असतो. मागणी घटली म्हणून उरलेला गॅस एखाद्या महिन्यात विकावा लागला, तर काही बिघडत नाही; परंतु भाव चढला की गॅस घेऊन लगेच विकायचा आणि फरक खिशात घालायचा, असा रिवाज पडला, तर स्ववापराची सवलत जाते आणि त्यासोबत तशाच प्रकारचे इतर करारही वाजवी मूल्याच्या कक्षेत येऊ शकतात. म्हणून विक्रीच्या प्रत्येक प्रसंगाचे कारण त्याच वेळी लिहून ठेवावे. वर्षअखेरीला आठवून लिहिलेल्या कारणावर लेखापरीक्षक विश्वास ठेवत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

याच टप्प्यावर करारात दडलेला डेरिव्हेटिव्ह आहे का, हेही तपासावे. गॅसचा भाव डॉलरमध्ये ठरलेला असणे किंवा तो ब्रेंट या आंतरराष्ट्रीय मानक कच्च्या तेलाच्या भावाशी जोडलेला असणे हे या व्यापारात रूढ असल्यामुळे अशी कलमे सहसा वेगळी काढावी लागत नाहीत, पण तो निष्कर्ष कारणांसह कागदावर असला पाहिजे.

त्यानंतर कोणत्या गॅसचे हेज करायचे ते पाहावे. घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीसाठी मिळणाऱ्या एपीएम गॅसचा (सरकारी सूत्राने भाव ठरणाऱ्या देशी गॅसचा) भाव एप्रिल २०२३ पासून भारतीय क्रूड बास्केटच्या, म्हणजे भारत आयात करतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या, १० टक्के असा ठरतो. त्याला दर एमएमबीटीयूमागे (दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट, गॅस मोजण्याचे एकक) ४ डॉलरचा तळ आहे आणि वरची मर्यादाही आहे, जी सुरुवातीला ६.५० डॉलर होती. अशा गॅससाठी हेन्री हब या अमेरिकी गॅस केंद्राच्या भावाचा वायदा घेतला, तर मालाचा भाव आणि वायद्याचा भाव यांत आर्थिक नातेच सिद्ध होत नाही. ब्रेंटशी जोडलेल्या आयात एलएनजीचीही (द्रवरूप नैसर्गिक वायूचीही) तीच गत; तिथे हेज ब्रेंटचेच हवे. एमसीएक्स या भारतीय वायदे बाजारावरील नैसर्गिक वायूचा वायदा लुइझियानातील हेन्री हबच्या नायमेक्स (न्यूयॉर्कचा वायदे बाजार) भावावर रोखीत मिटतो, म्हणजे गॅस न देता-घेता केवळ भावातील फरक दिला जातो, म्हणून हेन्री हबशी जोडलेल्या खरेदीलाच तो खरा लागू पडतो.

अशी खरेदी भारतात आहे. गेल या सरकारी गॅस कंपनीने अमेरिकेतील सबाइन पास या एलएनजी प्रकल्पाशी केलेल्या करारात भावाचे सूत्र हेन्री हबच्या ११५ टक्के अधिक ठरावीक द्रवीकरण शुल्क असे आहे. समजा, आपल्या कंपनीने याच धर्तीच्या सूत्राने मे महिन्यासाठी १०,००० एमएमबीटीयू गॅस ठरवला आहे. सूत्रात ११५ टक्के आहेत, त्यामुळे हेजचे प्रमाण १०,००० नसून ११,५०० एमएमबीटीयू येते. एमसीएक्सचा मोठा लॉट (सौद्याचे ठरावीक माप) १,२५० एमएमबीटीयूचा आहे. त्याने हिशेब ९.२ लॉट येतो, म्हणजे जुळत नाही. २५० एमएमबीटीयूच्या मिनी सौद्याचे ४६ लॉट घेतले की प्रमाण नेमके बसते. महिन्याची निवडही जपून करावी. एमसीएक्सवरचा एप्रिलचा सौदा एप्रिलच्या अखेरच्या आठवड्याकडे संपतो आणि नायमेक्सवर त्याच सुमारास मेचा सौदा संपत असतो. म्हणून मेच्या गॅससाठी एमसीएक्सवर एप्रिलचा सौदा घ्यावा लागतो. शिवाय या वायद्याचा भाव रुपयांत असून अखेरची किंमत रिझर्व्ह बँकेच्या संदर्भ दराने रूपांतरित होते, त्यामुळे हेन्री हबच्या भागापुरती डॉलरची जोखीमही त्यातच झाकली जाते. कोषागार विभागाने त्याच रकमेसाठी बँकेतून वेगळे फॉरवर्ड कव्हर (डॉलरचा दर आधीच ठरवणारा करार) घेतले असेल, तर एकाच जोखमीवर दोन हेज होतात. ही गफलत लेखा विभागाच्या नजरेतून सहज सुटते, कारण दोन्ही कागद वेगवेगळ्या टेबलांवर असतात.

हेजचे दस्तऐवज सौद्याच्या दिवशीच तयार हवेत. मागील तारखेने हेज दाखवता येत नाही. त्यात जोखीम व्यवस्थापनाचे उद्दिष्ट, हेज केलेली खरेदी, वापरलेला वायदा, हेजचे प्रमाण आणि परिणामकारकता कशी तपासणार ते लिहावे. वरील उदाहरणात सूत्रातील हेन्री हबचा घटकच हेज केला आहे आणि द्रवीकरण शुल्क बाहेर ठेवले आहे, हे स्पष्ट लिहावे. हा घटक करारातच नमूद असल्याने तो वेगळा ओळखता येतो. जुन्या मानकातील ८० ते १२५ टक्क्यांची कसोटी आता नाही. आर्थिक नाते, पतजोखमीचा अतिप्रभाव नसणे आणि प्रत्यक्ष व्यवहाराशी जुळणारे प्रमाण, एवढ्या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. अपेक्षित खरेदी ‘अतिशय संभाव्य’ असल्याचा पुरावा मात्र भक्कम हवा. २०२७ च्या सिंहस्थात शहरात वाहनांची वर्दळ वाढेल म्हणून सीएनजीचा अंदाज फुगवून त्यावर हेज उभारण्याचा मोह टाळावा. २०१५ च्या सिंहस्थातील सीएनजी विक्रीचे आकडे तुलनेला उपलब्ध नाहीत, कारण नाशिक क्षेत्राचे वितरण त्यानंतर सुरू झाले. कारखान्यांशी केलेल्या पुरवठा करारांतील किमान उचल हा त्यापेक्षा चांगला आधार आहे.

आता नोंदी पाहू. फेब्रुवारीत ३०० रुपये भावाने सौदा झाला असे धरू. सुरुवातीचे मार्जिन ही एक्स्चेंजकडे ठेवायची ठेव आहे, खर्च नव्हे. मार्जिन ठेव नावे आणि बँक जमा करावी. दलाली लगेच खर्चात टाकावी. त्यावरील जीएसटीची वजावट मिळत नाही, कारण नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर आहे आणि त्याच्या विक्रीवर व्हॅट लागतो. ३१ मार्चला भाव २७० झाला, तर ११,५०० एमएमबीटीयूवर ३० रुपयांप्रमाणे ३,४५,००० रुपयांचा तोटा होतो. एमसीएक्स रोजच्या रोज मार्क-टू-मार्केटचे, म्हणजे त्या दिवसाच्या भावफरकाचे, पैसे वळते करते, म्हणून ताळेबंदात मोठे डेरिव्हेटिव्ह दायित्व शिल्लक दिसत नाही. पैसे आधीच गेलेले असतात. हेज परिणामकारक असल्यास नोंद अशी होते: रोख प्रवाह हेज राखीव (ओसीआय) नावे ३,४५,०००, बँक जमा ३,४५,०००. कंपनीला २५.१६८ टक्के कर लागू असेल, तर त्यावर ८६,८३० रुपयांची स्थगित कर मत्ता (पुढे वाचणाऱ्या कराची रक्कम) ओसीआयमधूनच उभी करावी आणि राखीवात निव्वळ २,५८,१७० रुपये वजा दाखवावेत.

एप्रिलअखेर सौदा २५५ वर मिटला की आणखी १,७२,५०० रुपये जातात आणि करपूर्व एकूण तोटा ५,१७,५०० होतो. इथे घाई होते. वायदा संपला तरी ही रक्कम नफा-तोट्यात नेऊ नये. गॅस मेमध्ये यायचा आहे, तोवर ती राखीवातच राहते. गॅस आला की ती राखीवातून काढून थेट खरेदी किमतीत मिळवावी आणि स्थगित कर उलटवावा. वितरण कंपनीकडे पाइपमध्ये साठलेल्या गॅसखेरीज साठा फारसा नसतो, त्यामुळे परिणाम त्याच महिन्याच्या गॅस खर्चात दिसतो. ताळा करून पाहावा: २५५ चे ११५ टक्के म्हणजे २९३.२५ रुपये, त्याने १०,००० एमएमबीटीयूचे २९,३२,५०० होतात. त्यात ५,१७,५०० मिळवले की ३४,५०,००० येतात, आणि ३०० च्या ११५ टक्क्यांनी येणारी रक्कमही तीच आहे. नऊ मोठे लॉट घेतले असते, तर हा ताळा थोड्या फरकाने चुकला असता. राखीवात जाणारी रक्कम ही वायद्याचा एकत्रित बदल आणि खरेदी खर्चाचा एकत्रित बदल यांपैकी जी लहान असेल ती धरावी. वायद्याचा जास्तीचा भाग नफा-तोट्यात जातो.

मोठ्या ग्राहकाने भट्टी बंद केली आणि मेची खरेदी होणारच नाही असे ठरले, तर राखीवातील रक्कम ताबडतोब नफा-तोट्यात न्यावी. खरेदी अजून अपेक्षित आहे पण ‘अतिशय संभाव्य’ राहिलेली नाही, अशा स्थितीत हेज लेखांकन थांबते. आधीची रक्कम मात्र राखीवात राहते. हेजचे उद्दिष्ट कायम असताना केवळ निकाल बरा दिसावा म्हणून हेज मोडता येत नाही. आणखी एक स्थिती नाशिकच्या कंपनीला विशेष लागू आहे. स्पर्धेतल्या प्रोपेन किंवा फर्नेस ऑइलच्या भावामुळे कारखान्यांचा गॅस दर हेजसह पडणाऱ्या किमतीखाली ठेवावा लागला, तर राखीवातील जेवढा तोटा भरून निघण्याची अपेक्षा नाही तेवढा त्याच तिमाहीत खर्चात घ्यावा लागतो. ही तपासणी करायला लेखा विभागाला विपणन विभागाचे पुढच्या तिमाहीचे दरपत्रक हवे असते. ते लेखे बंद होण्यापूर्वी मागवावे.

प्रकटीकरणात एमसीएक्सचे वायदे वाजवी मूल्याच्या इंड एएस ११३ या मानकाच्या पहिल्या स्तरावर, म्हणजे थेट बाजारभावाने मोजलेल्यांत, येतात. परदेशी बँकेशी केलेला आणि एक्स्चेंजबाहेरचा, पण बाजारातील फॉरवर्ड भावांवरून मोजता येणारा स्वॅप (ठरलेला भाव आणि बाजारभाव यांची अदलाबदल करणारा करार) दुसऱ्या स्तरावर जातो. परदेशातील हेज रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०२२ च्या निर्देशांत बसतो का, हे अधिकृत डीलर बँकेकडून आधीच लेखी घ्यावे. वित्तीय साधनांच्या प्रकटीकरणाच्या इंड एएस १०७ खालील टिपेत राखीवाची सुरुवातीची शिल्लक, वर्षातील भर, खरेदी किमतीत वळवलेली रक्कम आणि अखेरची शिल्लक असा तक्ता द्यावा, आणि त्यातील वळवलेल्या रकमेचा आकडा गॅस खरेदी खात्याच्या खतावणीशी जुळवून पाहावा.