घरी ओतलेल्या शिशाच्या बुलेट्स लोड करेपर्यंत नीट कशा ठेवायच्या

कास्टिंगवर लोक भरभरून बोलतात, कुठला मोल्ड (साचा), कुठलं अलॉय (मिश्रधातू), भांडं किती तापवायचं. पण ओतून झाल्यापासून लोड करेपर्यंत, म्हणजे काडतुसात बसवेपर्यंत, मधले सहा महिने किंवा दोन वर्षं बुलेट्स डब्यात पडून असतात त्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही, आणि चांगल्या ओतलेल्या बुलेट्सची वाट नेमकी तिथेच लागते.

आधी एक महत्त्वाचं. हे सगळं अमेरिकेत राहून स्वतःच्या वापरासाठी रिलोडिंग, म्हणजे वापरलेल्या काडतुसात पुन्हा दारू आणि बुलेट भरणं, करणाऱ्यांसाठी आहे. तिथे स्वतःपुरतं करायला फेडरल लायसन लागत नाही, विकायचं म्हटलं की लागतं, आणि राज्याचे नियम वेगळे असू शकतात ते आपापले बघून घ्या. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लायसनशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे आणि काडतुसाचे सुटे भागही त्यात धरले जातात. म्हणून सुट्टीत घरी येताना बॅगेत एकही बुलेट राहिलेली नको, रेंजवर नेता तीच बॅग प्रवासाला वापरत असाल तर तिचा कप्पा न् कप्पा उलटा करून बघा. आणि इथे बुलेट म्हणजे फक्त शिशाचा पुढचा तुकडा, पूर्ण काडतूस नाही.

आता मुद्द्यावर. शिसं गंजत नाही असं बरेच जण धरून चालतात. ताजी ओतलेली बुलेट चांदीसारखी चमकते आणि थोड्या दिवसांनी राखाडी, मंद दिसायला लागते, ते बघून नवीन माणूस घाबरतो, पण त्यात काहीच बिघडलेलं नसतं. तो ऑक्साइडचा पातळ थर आहे, तो उलट खालच्या शिशाला सांभाळतो. घाबरायचं ते पांढऱ्या भुकटीला. बुलेटवर पिठासारखं पांढरं काही दिसलं, बोट लावलं की सुटतंय, तर ते लेड कार्बोनेट, पूर्वी रंगात घालायचे तो सफेदा म्हणजे हेच. हे नुसत्या हवेने सहज होत नाही, त्याला ओलावा लागतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडची, म्हणजे व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिडची वाफ लागते. जुन्या डच पद्धतीत सफेदा मुद्दाम असाच बनवायचे, मडक्यात खाली व्हिनेगर, वर शिशाच्या गुंडाळ्या, आणि सगळं शेणाच्या उबेत कित्येक आठवडे पुरून ठेवायचं. यातली वाईट गोष्ट अशी की अ‍ॅसिड संपत नाही, शिशाशी लागून कार्बोनेट झालं की अ‍ॅसिड परत मोकळं होतं आणि पुढच्या थराला लागतं, म्हणून थोडीशी वाफसुद्धा बंद डब्यात फार काळ काम करत राहते.

आणि ही वाफ येते कुठून तर लाकडातून! ओकच्या कपाटात ठेवलेल्या शिशाच्या वस्तू खराब होतात हे म्युझियमवाल्यांना चांगलं माहीत आहे. ओक सगळ्यात वाईट, पण नवीन प्लायवूड, एमडीएफ, लाकूडकामाचा पांढरा गोंद, पुठ्ठ्याची खोकी, आणि लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सीलंट, हे सगळे त्याच माळेचे मणी. त्यामुळे छान पॉलिश केलेली लाकडी पेटी कितीही देखणी दिसली तरी सुट्या बुलेट्स त्यात ठेवू नका. पेटी वापरायचीच असेल तर बुलेट्स आधी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आणि मग तो डबा पेटीत. काही लोक बंदुकीच्या नळीत चिकटलेलं शिसं काढायला व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून वापरतात, त्यात शिसं विरघळून लेड अ‍ॅसिटेट होतं जे खूप विषारी आहे, माझं स्पष्ट मत आहे की तो प्रकार करूच नये, आणि ती बाटली बुलेट्सच्या कपाटात तर अजिबात नको.

मग ठेवायचं कशात? पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे डबे, तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ लिहिलेलं असतं ते, एकदम बेस्ट. पीनट बटरच्या रिकाम्या बरण्यासुद्धा चालतात, धुऊन पूर्ण सुकवून घ्यायच्या, फक्त एकदा शिसं गेलं की तो डबा परत किचनमध्ये जाता कामा नये, आपल्याकडे डबे फिरत राहतात म्हणून मुद्दाम सांगतोय, त्यावर मोठ्या अक्षरात शिसं असं लिहूनच टाका. पीव्हीसी टाळा, ते जुनं होताना त्यातून आम्ल सुटतं. मिलिटरीचा लोखंडी अ‍ॅमो कॅन उत्तम, पण झाकणाच्या आतलं रबर चिरलेलं नाही ना ते बघून घ्या आणि बुलेट्स आत जाड पिशवीत घाला. डबा शक्यतो भरलेला ठेवा म्हणजे आत हवा कमी राहते. पण वजनाचा विचार आधी करा, बुलेटचं वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि एका पौंडात ७००० ग्रेन असतात, म्हणजे .४५ कॅलिबरच्या (बुलेटचा व्यास इंचात) २३० ग्रेनवाल्या १००० बुलेट्स जवळजवळ ३३ पौंड, १५ किलो झाल्या! असा डबा वरच्या फळीवर ठेवायचा नाही, एक दिवस तो पायावर येईल नाहीतर फळी तरी वाकेल. ५०० चे लहान डबे करा, सगळ्यात खालच्या फळीवर.

डब्यात घालण्याआधी बुलेट पूर्ण कोरडी पाहिजे. मोल्डमधून थेट पाण्यात टाकणारे इथेच फसतात, वरवर पुसतात आणि भरून ठेवतात. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालत नाही ना, तसंच हे. जुन्या टॉवेलवर एका थरात पसरा, पंखा लावा, पूर्ण दिवस जाऊ द्या, होलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली) असेल तर तोंड खाली करून ठेवा कारण खळग्यात थेंब लपून बसतो. सिलिका जेलची पुडी टाकली तर बरंच, पण ती ओल्या बुलेट्स सुकवणार नाही, फक्त उरलासुरला दमटपणा ओढेल. आणि हाताळणी हळू, तळाची कड धारदार आणि शाबूत राहिली पाहिजे, नळीतून बाहेर पडताना बुलेटला सगळ्यात शेवटी गॅसचा धक्का तळावरच बसतो, ती कड एका बाजूला चेपली की निशाणा बिघडतो. व्हील वेटच्या (गाडीच्या चाकाला बॅलन्ससाठी लावतात त्या वजनांच्या) कडक अलॉयच्या बुलेट्स सुट्या भरल्या तरी चालतात पण बादलीतून ओतल्यासारख्या ओतू नका, शुद्ध शिशाच्या मऊ बुलेट्स मात्र थरांमध्ये ठेवा, मधे पातळ फोम किंवा बबल रॅप घाला, पुठ्ठा नको.

ल्यूब, म्हणजे बुलेटवरचं मेणासारखं वंगण, आधी लावून ठेवायचं की लोड करताना, यावर वाद आहेत. मला विचाराल तर जास्त काळासाठी ल्यूब न लावता ठेवाव्यात, मग लागतील तेव्हा साइझ करून (प्रेसवर दाबून नेमक्या व्यासाच्या करून) ल्यूब लावावं, नाहीतर सरळ पावडर कोटिंग (रंगाची भुकटी लावून ओव्हनमध्ये भाजणं) करून ठेवावं. मधमाशीचं मेण आणि अ‍ॅलॉक्स (एक चिकट वंगण) असं अर्धं-अर्धं जे ल्यूब असतं ते मऊ, मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांच्या आसपास पण मऊ ल्यूब त्याच्या खूप आधी पाझरायला लागतं, आणि टेक्सास किंवा अ‍ॅरिझोनातलं उन्हाळ्यातलं गराज किंवा अ‍ॅटिक म्हणजे भट्टीच. पाझरलेलं ल्यूब तळावर येतं, तिथे धूळ चिकटते, आणि तशीच बुलेट बसवली तर ते आत पावडरला (काडतुसातल्या दारूला) लागतं. लिक्विड अ‍ॅलॉक्सवाल्या बुलेट्स पूर्ण सुकल्याशिवाय भरल्या तर एकमेकींना चिकटून ढेकूळ होतो. पावडर कोटिंग साधारण २०० अंशांवर २० मिनिटं भाजलेलं असतं, ते चिकटत नाही, पाझरत नाही, शिशाला हवाही लागू देत नाही, साठवणीसाठी याच्या तोडीचं काही नाही. फक्त लक्षात ठेवा, पाण्यात टाकून कडक केलेली बुलेट ओव्हनमध्ये गेली की तो कडकपणा जातो, परत हवा असेल तर ओव्हनमधून काढल्याकाढल्या पुन्हा पाण्यात.

कडकपणावरून आठवलं, डब्यावर तारीख लिहाच लिहा. अँटिमनी (शिसं कडक करायला घालतात तो धातू) असलेलं अलॉय ओतल्यावर लगेच मऊ असतं आणि हळूहळू कडक होत जातं, हवेत गार झालेल्या बुलेट्सना दोनेक आठवडे द्यावेत. पाण्यात टाकलेल्या भराभर कडक होतात म्हणून त्यांना साइझ करायचं असेल तर एक-दोन दिवसांतच करून टाका, नंतर प्रेसवर जोर लावावा लागतो. शिवाय ओतल्यावर काही दिवस बुलेट किंचित फुगूही शकते, म्हणून लोड करायच्या आधी थोड्या बुलेट्स मायक्रोमीटरने मोजा, .३८ स्पेशलला बहुतेक जण ०.३५८ इंच ठेवतात आणि .४५ ला ०.४५२. लेबलवर मोल्डचा नंबर, अलॉय, ओतल्याची तारीख, प्रत्यक्ष वजन, साइझ, ल्यूब किंवा कोटिंग, एवढं पाहिजे. हे नुसत्या झाकणावर नको, झाकणं बदलतात, डब्याच्या अंगावर लिहा आणि एक चिठ्ठी छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत टाका. एकाच मोल्डमधून लिनोटाइपची (जुन्या छपाईच्या खिळ्यांच्या अलॉयची) बुलेट शुद्ध शिशापेक्षा हलकी येते, दिसायला दोघी सारख्या, आणि चुकीचं वजन धरून लोडचा तक्ता (कुठल्या बुलेटला किती दारू ते) बघणं धोक्याचं आहे. ओळख पटत नाही असा डबा असेल तर अंदाज करू नका, सरळ वितळवून पुन्हा ओता.

जागा थंड, कोरडी आणि एकसारख्या तापमानाची हवी. बेसमेंट असेल तर डिह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवा. हिवाळ्यात गार गराजमधला डबा उबदार घरात आणून लगेच उघडला की बुलेट्सना घाम फुटतो, तेव्हा तो बंदच ठेवून काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पावडर आणि प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) वेगळे, आपापल्या मूळ पॅकिंगमध्ये, शिसं वितळवण्याच्या जागेपासून लांब. आणि सगळ्याला कुलूप. घरात लहान मुलं असतील तर यात जराही ढिलाई नको, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भ पातळी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली आणि सुरक्षित अशी पातळी मुळात नाहीच. बुलेट्स हाताळताना ग्लोव्हज घाला, नंतर साबण-पाण्याने हात धुवा, सॅनिटायझरने शिसं जात नाही, आणि त्या टेबलावर चहा-बिस्किटं नकोत.

पांढरी भुकटी दिसलीच तर कोरड्या फडक्याने घासू नका, फुंकर मारू नका, टम्बलरमध्ये (घुसळून साफ करायच्या मशीनमध्ये) टाकू नका, ती धूळ छातीत जाते. ग्लोव्हज, पी१०० (बारीक धूळ अडवणारा) मास्क, ओल्या पेपर टॉवेलने पुसा, टॉवेल पिशवीत बंद करा आणि गावातल्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. थोडासाच डाग असेल तर पुसून, सुकवून वापरता येते. खड्डे पडलेत तर वितळवायला बाजूला काढा, पण या बुलेट्स वितळलेल्या शिशात कधीही टाकायच्या नाहीत, थेंबभर पाणी असलं तरी त्याची क्षणात वाफ होते आणि तापलेलं शिसं तोंडावर उडतं. आधी पूर्ण सुकवायच्या, गार भांड्यात भरायच्या, मग उघड्या हवेत खालून गॅस लावायचा, आणि वर जी मळी येईल ती झाकणाच्या डब्यात काढायची.