मेंढीकोटाला बसण्याआधी

मेंढीकोट म्हणजे चौघांनी दोन जोड्या करून खेळायचा पत्त्यांचा खेळ. पहिलं काम पानं मोजणं. जोकर बाजूला काढा, 52 भरतात का बघा आणि चारही दश्श्या वेगळ्या काढून डोळ्यांनी पाहा. या खेळात दश्शी म्हणजे मेंढी. तीन किंवा चार मेंढ्या पकडणारी जोडी डाव जिंकते आणि चारही आल्या की कोट. आम्ही एकदा तीनच मेंढ्यांवर तासभर खेळलो. चौकट दश्शी खोक्यातच राहिली होती. तेव्हापासून मोजणी माझ्याकडे आहे. एखादी दुर्री-तिर्री हरवली असेल, तर जोकरवर पेन्सिलीने तिचं नाव लिहून भागतं.

शक्य असेल तर दोन कॅट ठेवा, म्हणजे एक वाटेपर्यंत दुसरा पिसून होतो. पिसण्यात मात्र कंजुषी नको. प्रत्येक हातात, म्हणजे चौघांनी एकेक पान टाकलं की होणाऱ्या फेरीत, बहुधा एकाच रंगाची चार पानं गोळा होतात आणि ती तशीच चिकटून राहिली, तर पुढच्या डावात एकाकडे बदामांची रांग लागते. कॅटचे दोन भाग करून पानं एकमेकांत घुसवण्याची जी पद्धत आहे, ती साधारण सात वेळा केली की कॅट पुरेसा मिसळतो, असं डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 साली दाखवलं. आपल्याकडे तीन वेळा केलं तरी 'बास, वाट आता' सुरू होतं. ऐकू नका.

भिडू समोरासमोर बसतील अशी जागा करा. कुणाच्या पाठीमागे आरसा किंवा काचेचं कपाट नको. जमिनीवर बसणार असाल, तर पंख्याचं काय करायचं ते आधीच ठरवा.

आता खरी तयारी, म्हणजे बोलणी. भांडणं पानांवरून होत नाहीत, न ठरलेल्या गोष्टींवरून होतात. हुकूम, म्हणजे बाकी रंगांना मारणारा रंग, बंद की कट? बंद हुकुमात एकजण आपलं एक पान पालथं ठेवतो आणि गरज पडली की ते उघडतं. कट हुकुमात उतारीचा, म्हणजे हातातल्या पहिल्या पानाचा, रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा संपतो, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. नवे गडी असतील तर कट घ्या, समजायला सोपा आहे. मागचा हात उलटून बघायचा का? रंग असून चुकून दुसरं पान टाकलं तर काय? माझ्या मते सरळ डाव गेला असं धरावं, नाहीतर दर वेळी वकिली सुरू होते. डोळे मिचकावणं, खाकरणं, 'आज बदाम छान दिसतायत' असलं बोलणं बंद. मेंढ्या दोन-दोन झाल्या तर सात किंवा जास्त हात करणाऱ्यांचा डाव. एकूण हात 13, त्यामुळे बरोबरी होतच नाही.

नवख्याला नियमांचं भाषण देऊ नका. एक डाव चौघांची पानं उघडी ठेवून खेळा. एक्का सगळ्यात मोठा, मग राजा, राणी, गुलाम आणि पाचवी मेंढी, म्हणजे तिच्या डोक्यावर चारजण बसलेले आहेत, हे त्याला दिसू दे. मग भिडूच्या एक्क्यावर आपली मेंढी का सोडायची, हे सांगावं लागत नाही. आणि पहिल्याच उतारीला मेंढी का टाकू नये, हेही.

कागद-पेन हवंच, कोट कुणावर किती चढले ते लिहायला. तोंडी हिशोब हरणाऱ्याला कधीच आठवत नाही.

चौथा ऐनवेळी गळला तर पाच-तीन-दोनची तयारी ठेवा. दुर्रीपासून छक्कीपर्यंत सगळी पानं आणि किलवर-चौकटच्या सत्त्या काढल्या की 30 उरतात, तिघांना दहा-दहा. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, हुकूम बोलणाऱ्याने पाच, उरलेल्याने तीन. काढलेली 22 पानं खोक्यात परत टाका, उशीखाली नको.