शेतरस्ता अडला तर कायद्यात आधी काय वाचायचं?

सातारा-सांगली पट्ट्यात रस्त्याची खरी नड कळते ती उसाला तोड आल्यावर. पावसाळ्यात शेजाऱ्याने वहिवाट नांगरलेली असते, पण ट्रॉली बांधाशी अडेपर्यंत बरेचजण गप्प बसतात. तोवर तहसीलदाराकडे अर्ज करायची मुदत संपत आलेली असते. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी तासभर स्वतः कायदा वाचा. त्याला जाडजूड टीकाग्रंथ लागत नाही, बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मजकूर पुरतो.

पुस्तक घेताना आतलं पहिलं पान बघा. कोणत्या सालापर्यंतच्या दुरुस्त्या घेतल्यात आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या आहेत का, हे तपासा. जुनं मार्गदर्शक हायकोर्टासाठी मुंबई गाठायला सांगेल, पण १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे तिथे बसणारं खंडपीठ, सुरू आहे. मराठी अनुवाद जरूर वाचा, मात्र अर्थावर अडलात तर इंग्रजी मजकूर शेजारी ठेवा.

आता नेमकं कलम. इथेच बहुतेकांची गल्लत होते. वापरातला रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार (म्हणजे आजचे तहसीलदार) न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. रस्ताच नाही आणि बांधावरून नवीन हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. दोन्हींचा निर्णय तहसीलदारच देतात, त्यामुळे लोक एकाच अर्जात दोन्ही मागण्या कोंबतात. तसं करू नका. नवा रस्ता मागितलात की जुनी वहिवाट नव्हतीच, असं समोरचा तुमच्याच अर्जावरून म्हणू शकतो.

कलम ५ पेन्सिल घेऊन, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अडथळा दूर करण्याचा अधिकार वरच्या भागात आहे, पण तुमचा अर्ज तगणार की नाही हे पोटकलम ३ ठरवतं: वादाचं कारण घडल्यापासून सहा महिने. त्यालाच जोडून, अडथळा पहिल्यांदा सुरू झाला तो दिवस धरायचा, असंही म्हटलंय. १० जूनला रस्ता नांगरला असेल तर १० डिसेंबरच्या आत अर्ज गेला पाहिजे. जानेवारीत ट्रॉली अडली म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही, आणि ‘रस्ता अजून बंदच आहे’ एवढ्यानेही ती वाढत नाही. मुदत गेली तरी दिवाणी दावा करता येतो, पण त्याला वेळ फार लागतो.

मग कलम ७ उघडा. अर्जात काय हवं, त्याची यादीच तिथे आहे. अडथळ्याचं स्वरूप आणि ठिकाण, कारण घडल्याची तारीख, कागदपत्रं व साक्षीदारांची यादी. ‘काही महिन्यांपूर्वी रस्ता अडवला’ असं मोघम लिहू नका. ‘गटाच्या पूर्व बांधालगतची गाडीवाट १० जून रोजी नांगरली’ असं लिहा. सातबारा, गटाचा नकाशा आणि त्या वाटेने बैलगाडी नेलेल्या शेजाऱ्यांची नावं अर्जासोबतच द्या.

निकाल विरुद्ध गेला तर कलम २३ वाचा: अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण, म्हणजे निकालाची फेरतपासणी, आहे. कलम १४३ खालच्या निर्णयावर मात्र एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. दोन्हीकडे निकालाची सही-शिक्क्याची नक्कल लागते, तिचा अर्ज निकाल कळला त्याच दिवशी द्या.