बोडी आटतेय? मासोळ्या हलवायच्या दिवशी बाकीची कामं परतीला ठेवा

मे महिन्यात बोडी (पावसाचं पाणी साठवणारं छोटं तळं) किंवा शेततळं गुडघाभर पाण्यावर आलं की रोहू, कटला, मृगळ दुसऱ्या तळ्यात न्यावेच लागतात. त्याच फेरीत दळण, आठवडी बाजार, म्हाताऱ्यांचा दवाखाना उरकायचा मोह होतो. पण आधी मासोळ्या सोडा, बाकी सगळं येताना. गाडी उन्हात अर्धा तास उभी राहिली की ड्रम तापतो, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी.

आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा; भरल्या पोटी मासोळी वाटेत घाण करते, पाणी लवकर नासतं. २०० लिटरच्या ड्रममध्ये त्याच बोडीचं वरचं, न गढुळलेलं १५० लिटर पाणी घ्या. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. त्यात अर्धा किलोला थोडं कमी खडेमीठ विरघळवा. बॅटरीचा एअर पंप लावूनही दहा किलोच्या वर मासोळ्या भरू नका. वरून ओलं पोतं बांधा.

जाळं सकाळी गारव्यात ओढा, पण उजाडल्यावरच. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो, जाळ्यात गर्दी झाली की मासोळ्या तिथंच उलट्या पडतात. वाटेत तोंड वर काढून गपागपा करू लागल्या, तर मग्गा भरभरून पाणी उंचावरून ओतत राहा.

पोचल्यावर एकदम ओतायचं नाही. नव्या तळ्याचं पाणी मग्गा-मग्गा करत वीसेक मिनिटं ड्रममध्ये मिसळा, मग मासोळ्या जाळीनं उचलून सोडा. ड्रममधलं पाणी बांधावर. थाई मांगूर (परदेशी मांसाहारी मासा) निघाला तर तो मात्र तळ्यात सोडू नका, पाळायला बंदी आहे.