पेटी उघडण्याआधी : चार-पाच गावांच्या वाचनमंडळाची तयारी

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती. मराठवाड्यातले आठही जिल्हे त्याच्या खाली होते, जालना तर ७२च्या आसपास. असे आकडे वाचले की मनाला लागतं आणि आपण लगेच पुस्तकं गोळा करायला निघतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की पुस्तकं सगळ्यात शेवटी आणा. बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यात चार-पाच गावं मिळून वाचनाचं काम उभं करायचं असेल, तर जूनमध्ये शाळा उघडण्याआधी काय काय जुळवून ठेवावं ते लिहिते आहे.

प्रत्येक गावात बारा महिने राहणारी दोन माणसं शोधा, त्यातली एक बाई असू द्या. शिक्षक सोबत हवेतच, पण त्यांची बदली होते आणि सुट्टीत शाळेला कुलूप लागतं, म्हणून गावाच्या पुस्तकपेटीची किल्ली शाळेत ठेवू नका. अंगणवाडी सेविका आणि आशाताई आधीच कामाच्या ओझ्याखाली आहेत. त्यांच्यावर पेटी लादू नका. कोणत्या घरात शाळा सुटलेली मुलगी आहे, कोणत्या घरी नवी सून दहावीपर्यंत शिकलेली आहे, एवढं त्यांना विचारा. त्यांच्याइतकं नेमकं कुणीच सांगू शकणार नाही. पेटी बचत गटातल्या एखाद्या ताईच्या ओसरीवर ठेवा, नाहीतर पिठाच्या गिरणीवर. दळणाला नंबर लावून बाया तिथं बसलेल्याच असतात.

आणि हरिनाम सप्ताहात पारायणाला बसणाऱ्या मंडळींना विसरू नका. एकानं व्यासपीठावरून वाचायचं आणि बाकीच्यांनी ओळीवर बोट ठेवून मागोमाग जायचं, ही सामूहिक वाचनाची रीत आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जो माणूस सात दिवस न थकता व्यासपीठ सांभाळतो, त्याला आठवड्यातून एकदा पारावर लेकरांना गोष्ट वाचून दाखवायला बोलवा. गावाचा त्याच्या आवाजावर विश्वास असतो.

माणसं ठरली की गावाचं वेळापत्रक कागदावर मांडा. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की मोठी माणसं रानात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन नेमका या धामधुमीत येतो; तो शाळेत जरूर साजरा करा, पण मोठ्यांचा मेळावा त्या दिवशी ठेवू नका. जून ते सप्टेंबर हेच सवय लावायचे महिने आहेत.

जाणाऱ्या कुटुंबांची वेगळी वही करा. टोळी कुठल्या कारखान्याला चालली, मुकादमाचा फोन कोणता, सोबत कोणत्या वयाची लेकरं आहेत, कोण आजीजवळ मागे राहिलं, कोण हंगामी वसतिगृहात, हे टोळी हलण्याआधी लिहून घ्या. जाणाऱ्या प्रत्येक टोळीबरोबर एक कापडी पिशवी द्या : दहा-बारा पातळ पुस्तकं, पाटी आणि रंगीत खडू. कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, पुस्तकं भिजतील, फाटतील, काही परत येणार नाहीत. तरी द्याच. टोळीत ज्यांच्याकडे चांगला फोन आहे त्यांना ‘स्टोरीवीव्हर’वरच्या मराठी गोष्टी दाखवून ठेवा, प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या या संग्रहातल्या गोष्टी मोफत आहेत, खुल्या परवान्याच्या असल्यामुळे छापून वाटताही येतात, आणि वाचनाच्या चार पायऱ्यांत लावलेल्या आहेत. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही फुकट वाचायला मिळतात.

आता पेटी. पन्नासेक पुस्तकांनी सुरुवात पुरते, पण ती पाहून निवडलेली असावीत. घरातली नकोशी पुस्तकं दान म्हणून येतात, त्यात जुनी गाइडंच जास्त. ती नम्रपणे परत करा. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात लेकरांनाच घेऊन जा आणि त्यांना निवडू द्या. तांड्यावर गोरमाटी ही बंजारा बोली बोलली जाते, मोहल्ल्यात दखनी. तिथं वाचून दाखवणारी व्यक्ती त्याच घरांतली असू द्या आणि पेटीत उर्दू पुस्तकंही ठेवा. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी आणि उर्दू दोन्ही मिळतात.

मोठ्या वयात अक्षर शिकणाऱ्यांसाठी माझा सगळ्यात जास्त जीव तुटतो. केंद्राचा २०२२ ते २०२७चा ‘उल्लास’ कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी आहे. त्याची चाचणी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी १५० गुणांची असते. चाचणी झाली की बहुतेक बाया पुन्हा अक्षरापासून दूर जातात, कारण वाचायला त्यांच्या जोगतं काही हातात नसतं. त्यासाठी ठळक, मोठ्या टायपात पानं छापून ठेवा. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग घ्या, तुमच्या गावात जात्यावर म्हटल्या जाणाऱ्या ओव्या लिहून घ्या. शब्द आधीच तोंडपाठ असल्यामुळे अक्षर ओळखणं सोपं जातं, आणि ‘मला वाचता येतं’ हे त्या बाईला पहिल्याच बैठकीत कळतं. बैठकीआधी डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं आणि ‘माझ्या डोक्यात काही बसत नाही’ असं म्हणणाऱ्या मावशींना कित्येकदा फक्त चष्मा लागतो. ग्रामीण रुग्णालयाशी बोलून एक तपासणीचा दिवस ठरवा.

पैशाचं थोडक्यात : ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. ग्रामसभेत पेट्या आणि चष्म्यांसाठी त्यातून मागणी करा, ठरावाची प्रत घ्या.

नोंदीसाठी एकच वही : नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणि परत देताना लेकरानं काय सांगितलं त्याची एक ओळ. दंड लावू नका. दंडाच्या भीतीनं गरिबाचं लेकरू पुस्तक नेतच नाही. गावागावांतल्या पेट्यांची अदलाबदल तालुक्याच्या आठवडी बाजारी करा, सगळ्या गावांची माणसं काळीपिवळीनं तिथं येतातच. तिथंच अर्धा तास बसून वह्या एकमेकांना दाखवा. पुढं कुणाला सार्वजनिक ग्रंथालय काढायचं असेल तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदणी लागते, मग १९६७च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे मान्यतेचा विचार होतो. त्याची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे करा, पण वह्या दोन हंगाम नीट भरल्यावरच.